लॉइडला पुन्हा राखीव बाकावर बसवू नका : चित्रपट मंडळाच्या निवड समितीस खुले पत्र

मा. निवड समिती सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

खेळांवरच्या चित्रपटांच्या महोत्सवाची यादी आपण परवा जाहीर केलीत. यादीत मुष्टियोद्धे आहेत, धावपटू आहेत, मध्यंतरात संघापुढे भाषण ठोकणारे करड्या आवाजाचे प्रशिक्षक आहेत. यातले बरेचसे चित्रपट मलाही आवडतात, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते यादीत जे नाही त्याबद्दल. एवढ्या लांबलचक यादीत एकसुद्धा विनोदी चित्रपट नाही. आपण सूचना मागवल्या होत्यात तेव्हा आम्ही काही सभासदांनी मूकपटांच्या काळातला अमेरिकी विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड याचा 'द फ्रेशमन' सुचवला होता. त्यावर समितीचं उत्तर आलं की चित्रपट हलकाफुलका आहे, महोत्सवाच्या गांभीर्याला शोभणार नाही, हवं तर मुलांच्या सकाळच्या खेळात त्यातले निवडक प्रसंग दाखवू.

हे उत्तर काही केल्या घशाखाली उतरेना, म्हणून हे पत्र. ते समितीच्या पेटीत टाकता आलं असतं. उघड लिहितोय, कारण ही खोड एकट्या आपल्या समितीची नाही. खेळपटांची यादी करायला बसलं की भल्याभल्यांच्या कपाळावर आठ्या पडतात आणि विनोदाला दाराबाहेर चपलांजवळ जागा मिळते.

यात मला बोलायचा अधिकार काय, असं कोणी विचारेल. मंडळाचा जुना वर्गणीदार, हा एक. दुसरा जरा खासगी आहे. कॉलेजात मी संघात असायचो, पण यादीत शेवटून पहिला. बाराव्या गड्याच्याही मागे. पाण्याच्या बाटल्या न्यायच्या, कोणाचा हातमोजा फाटला तर दुसरा पोचवायचा, संघ जिंकला की फोटोत कडेला उभं राहायचं. अर्धा खांदा यायचा फोटोत. त्यामुळे शेवटच्या क्षणी विजयी फटका मारणाऱ्या नायकाशी माझं कधी जमलंच नाही. मी त्या चित्रपटांत मागच्या बाकावर टॉवेल घेऊन बसलेला पोरगा शोधत असतो. त्या पोरावर १९२५ साली एकानं पूर्ण लांबीचा चित्रपट काढून ठेवलाय, आणि आमच्याच मंडळाला तो मुलांच्या सकाळच्या खेळापुरता वाटावा, हे मला सोसत नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. हॅरॉल्ड लॅम्ब नावाचा चष्मेवाला मुलगा (ही भूमिका लॉइडचीच) कॉलेजवरचा एक सिनेमा पाहून इतका भारावलाय की त्यातल्या नायकाची लकब त्यानं जशीच्या तशी उचललीय. कोणाशीही ओळख करून घेताना आधी पायांची एक छोटीशी गिरकी, मग हात पुढे. 'स्पीडी' हे टोपणनावसुद्धा तिथलंच. टेट विद्यापीठात पाऊल ठेवल्या क्षणापासून सगळे त्याची टर उडवतात आणि त्याला वाटतं आपण लोकप्रिय होतोय. आइसक्रीम खायला घालतो, मेजवानी देतो, पैसे उधळतो आणि राहतो मात्र एका साध्याशा भाड्याच्या खोलीत. तिथल्या घरमालकिणीच्या मुलीला, पेगीला, सगळं दिसतं, पण बोलवत नाही. पुढे तो फुटबॉल संघात शिरायला जातो. हा अमेरिकी फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याला अंगावर झेप घेऊन लोळवायचं. सरावाचा भुसा भरलेला पुतळा निकामी होतो, तेव्हा प्रशिक्षक त्याच्या जागी या पोराला उभा करतो. दिवसभर संघातले धिप्पाड गडी त्याला जमिनीवर आपटतात आणि तो दर वेळी उठून हसतमुखानं पुढच्याला बोलावतो. शेवटी कर्णधाराला दया येते. तो सुचवतो की याला पाणक्या म्हणून ठेवू, फक्त तसं त्याला सांगायचं नाही, संघात घेतलंय असंच त्याला वाटू दे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार 'हलकाफुलका' या शेऱ्याबद्दल. आपण समिती आहात, सिनेमा कसा घडतो हे आपल्याला सांगायला नको, तरीही सांगतो. नाचाच्या मेजवानीचा प्रसंग आठवा. हॅरॉल्डचा नवा सूट वेळेत शिवून झालेला नाही, नुसता कच्च्या टाक्यांवर उभा आहे. शिंप्याला घेरी येण्याचा आजार आहे, म्हणून काम रखडलंय. आता तो सुईदोरा घेऊन मेजवानीला आलाय आणि पडद्याआड लपून बसलाय. उसवलं की त्यानं इशारा करायचा आणि हॅरॉल्डनं सरकत सरकत पडद्याला पाठ लावायची, असं ठरलंय. मग बाही सुटते. पाठीची शिवण सुटते. शिंप्याला नेमकी तेव्हाच घेरी येते. आणि हा पठ्ठ्या प्रत्येक वेळी चेहऱ्यावर तेच यजमानाचं हसू ठेवून, सुटलेली बाही कोपरानं दाबून धरत, पाहुण्यांशी बोलतोय.

या प्रसंगाची एक हकिकत लॉइडनंच सांगून ठेवली आहे. विजार गळून पडण्याचा विनोद त्याला शिळा वाटत होता, म्हणून आधी त्यानं तो टाळला. कोट फाटला, विजार राहिली. चाचणीच्या खेळात प्रेक्षक हवे तसे हसले नाहीत. तेव्हा त्यानं माघार घेतली, पुन्हा चित्रण केलं, विजार गेली आणि प्रसंग उभा राहिला. स्वतःचा अहंकार बाजूला ठेवून प्रेक्षकाच्या हसण्याच्या जागा अशा मोजणाऱ्या माणसाच्या कामाला हलकं म्हणायचं असेल, तर जड कशाला म्हणता ते एकदा कळवा.

आणि त्याच मेजवानीच्या शेवटी काय होतं? पेगीच्या अंगचटीला येणाऱ्या एका टारगट पोराला हॅरॉल्ड ठोसा लगावतो. तो पोरगा उठतो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकतो की तू इथला विदूषक आहेस, सगळे तुला हसतात. हॅरॉल्ड आधी हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न करतो. फाटक्या सुटात, पेगीसमोर, काही झालंच नाही असं दाखवायला बघतो. ते हसू ओठांवर टिकत नाही. मग तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो. एवढा वेळ ज्याच्यावर आपण प्रेक्षक हसलो, तो आपल्या देखत कोसळतो, आणि टर उडवणाऱ्यांच्या टोळीत आपणही होतो हे लख्ख कळतं. आपल्या यादीतल्या गंभीर चित्रपटांपैकी किती चित्रपट प्रेक्षकाला असं पेचात पकडतात?

दुसरी तक्रार. समितीतल्या एका सदस्यांनी बोलता बोलता असंही म्हटल्याचं कानावर आलं की यात खेळ नावालाच आहे. हे मात्र अगदीच चुकीचं. १९२०च्या दशकात अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचं वेड टिपेला पोचलं होतं. पॅसाडीनाचं रोझ बोल हे स्टेडियम १९२२ मध्ये उभं राहिलं, बर्कलीचं मेमोरियल स्टेडियम १९२३ मध्ये. इलिनॉय विद्यापीठाचा खेळाडू रेड ग्रेंज देशभर देव झाला होता. टेट विद्यापीठाची ओळख करून देताना चित्रपटाची पाटी (मूकपटात संवादांऐवजी पडद्यावर येणारा मजकूर) सांगते की हे एक भलंमोठं फुटबॉल मैदान आहे, त्याला एक कॉलेज जोडलेलं आहे. एका वाक्यात त्या काळाच्या वेडाचा निकाल लावला. प्रशिक्षकाबद्दलची पाटीही तशीच, गडी इतका राकट की दाढी करायला वस्तऱ्याऐवजी आगीची बत्ती वापरतो. पुढच्या पिढ्यांतल्या खेळपटांनी ज्या करड्या प्रशिक्षकाला देव्हाऱ्यात बसवलं, त्याची टोपी या चित्रपटानं आधीच उडवून ठेवली होती.

आणि अंतिम सामना नुसता उरकलेला नाही. मैदानावरचा खेळ रोझ बोलवर चित्रित केलाय. प्रेक्षकांचा जो जनसागर दिसतो तो खराखुरा आहे. नोव्हेंबर १९२४ मध्ये बर्कलीला कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांचा सामना होता, त्याच्या मध्यंतरात लॉइडच्या मंडळींनी तिथे चित्रण उरकलं. या सामन्यातला विनोद खेळाच्या नियमांतून उगवतो, हेही बघा. पंचांची शिट्टी झाली की चेंडू सोडायचा, हा नियम हॅरॉल्डला एकदा दरडावून शिकवला जातो. पोरगा आज्ञाधारक. पुढे तो चेंडू छातीशी धरून गोलरेषेकडे सुसाट निघतो, मागे कोणी नाही, आता धाव पूर्ण होणार, तोच लांबच्या कारखान्याचा भोंगा वाजतो. आणि हा थांबतो, चेंडू ठेवून देतो. खेळाचे नियम कशासाठी असतात आणि ते नवख्या माणसाच्या डोक्यात कसे बसतात, हे ज्यानं मैदानाच्या कडेला बसून वर्षं काढलीत त्यालाच सुचेल. चेंडूची नाडी सोडवून तो भोवऱ्यासारखा हातातून सोडायचा आणि परत ओढून घ्यायचा, ही करामतही तिथलीच. ती नियमात बसते का, हे मला विचारू नका.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे, आणि ती 'निवडक प्रसंगां'बद्दल.

लॉइडनं या चित्रपटाचं काम सुरू केलं ते शेवटापासून. फुटबॉलचा सामना हा सगळ्यात गमतीचा भाग, तेव्हा तोच आधी घेऊन टाकू असा विचार केला आणि मंडळी रोझ बोलवर गेली. काम काही जमेना. विनोद होते, पळापळ होती, पण जीव नव्हता. त्याच्या लक्षात आलं की हा पोरगा कोण, त्याला काय हवंय, त्यानं काय सोसलंय हे ठाऊक नसेल तर त्याच्या धडपडण्यात हसण्यासारखं काही उरत नाही. मग त्यानं ते चित्रण बाजूला ठेवलं आणि पहिल्यापासून क्रमानं चित्रपट घेतला. सामना आला शेवटी, जिथे तो यायला हवा तिथे.

म्हणजे ज्यानं चित्रपट केला त्यानंच करून पाहिलं आणि सोडून दिलं, तेच आपण शंभर वर्षांनी करायला निघालात. सामन्याची दहा मिनिटं कापून मुलांना दाखवाल. मुलं हसतील, मुलं चष्मेवाला माणूस पडला तरी हसतात. पण बाकावर बसलेल्या हॅरॉल्डला प्रशिक्षक सांगतो की तू संघात कधी नव्हतासच, तू नुसता पाणक्या आहेस, तो क्षण त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. कारण सरावाच्या दिवशी तो किती वेळा आपटला गेला आणि किती वेळा उठला, हे त्यांनी पाहिलेलंच नसेल. संघातले एकेक गडी जायबंदी होऊन झोळीतून बाहेर येतात, बदली खेळाडू संपतात, आणि केवळ दुसरं कोणी उरलं नाही म्हणून त्याला आत सोडतात. हे कळलं तर त्या धावण्याला अर्थ. नाहीतर ती नुसती पळापळ.

आणखी एक गोष्ट लहानशी आहे, तरी लिहितो. १९१९ मध्ये छायाचित्रं काढताना हातातला खोटा समजलेला बाँब फुटून लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. त्यानंतरच्या चित्रपटांत त्यानं कृत्रिम बोटांचा हातमोजा घालून काम केलं. 'सेफ्टी लास्ट'मधला घड्याळाच्या काट्याला लटकलेला तो जगप्रसिद्ध प्रसंग त्याच हातानं, आणि 'द फ्रेशमन'मधला चेंडूही त्याच हातात. ही सहानुभूतीची भीक नाही. आपल्या यादीतल्या चित्रपटांची ओळख करून देताना नटांनी भूमिकेसाठी किती वजन वाढवलं नि किती उतरवलं याची रसभरीत वर्णनं आपण छापली आहेत, म्हणून आठवण करून दिली.

चौथी तक्रार चॅप्लिन आणि बस्टर कीटन या त्याच काळातल्या विनोदवीरांविषयीच्या आपल्या सवयीची. मूकपट म्हटलं की चॅप्लिन, फारच अभ्यासू असलो तर कीटन. दोघांपुढे मीही नतमस्तक आहे. पण त्या काळात तिकीटबारीवर लॉइड कोणालाही ऐकत नव्हता, आणि 'द फ्रेशमन' त्याच्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या मूकपटांपैकी एक. कॉलेजवरच्या विनोदी चित्रपटांची लाट त्यानंतर आली. कीटननं १९२७ मध्ये त्याच वाटेनं एक चित्रपट केला, मार्क्स बंधू या विनोदी नटांनी १९३२ मध्ये फुटबॉल सामन्याचा जो धुडगूस घातला त्याची पाळंमुळंही इथंच सापडतील. जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत 'द फ्रेशमन'चं नाव १९९० मध्ये लागलं. तरीही लॉइड मागे पडला, याला थोडा तो स्वतःही जबाबदार आहे. आपल्या चित्रपटांचे हक्क त्यानं स्वतःकडे ठेवले आणि ते टीव्हीला देण्याबाबत फार ताणून धरलं. ज्या वर्षांत घराघरांतल्या मुलांना चॅप्लिनची ओळख झाली, त्या वर्षांत लॉइडच्या चित्रपटांचे डबे कुलपात होते. एक पिढी त्याच्याशिवाय वाढली. आपण बहुधा त्याच पिढीचे, मीही जवळपास तिथलाच. पण कारण समजलं म्हणून ती चूक पुढे चालवायची गरज नाही. १९२५ चे म्हणून 'द गोल्ड रश' आणि 'बॅटलशिप पोटेमकिन' यांचं स्मरण सगळीकडे होतं, ते व्हायलाच हवं. त्यांच्याच वयाचा हा तिसरा मात्र कोणाला आठवत नाही.

आता चित्रपटात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. शेवट मला पुरता पटत नाही. पेगी त्याला म्हणते की सोंग टाक, जसा आहेस तसा राहा. आणि गोष्ट मात्र त्याला सामना जिंकून देऊनच मोठा करते. तो हरला असता तर? तर कॉलेजनं त्याला तसाच विदूषक ठेवला असता, हे उघड आहे. या प्रश्नाला चित्रपट बगल देतो. फक्त एक जागा अशी आहे जिथे मला वाटतं की लॉइडला हे ठाऊक होतं. विजयानंतर ज्या गिरकीची सगळे चेष्टा करत होते, तीच गिरकी आता सगळे मारायला लागतात. पोरं मारतात, मोठी माणसं मारतात. त्यांना त्याच्या स्वभावाशी काल घेणं नव्हतं आणि आजही नाही. मला या जागी दर वेळी हसू येतं आणि लगेच थोडं कडूही वाटतं. यावर चित्रपटानंतर तासभर वाद घालता येईल. महोत्सव यासाठीच भरवतात अशी माझी समजूत आहे.

तर मागण्या अशा. 'द फ्रेशमन' मुख्य कार्यक्रमात घ्यावा, संध्याकाळच्या खेळाला, पूर्ण लांबीचा. तो जेमतेम सव्वा तासाचा आहे, कोणाच्या जेवणाची वेळ चुकणार नाही. प्रत चांगली मिळवावी आणि योग्य वेगानं दाखवावी. मूकपट म्हटलं की माणसं मुंग्यांसारखी तुरुतुरु धावलीच पाहिजेत, हा समज आपण लोकांनीच प्रोजेक्टर चुकीच्या गतीनं चालवून पसरवलाय. लॉइडचा विनोद वेळेच्या अंदाजावर उभा आहे, पडद्याआडची सुई आणि पुढे सरकणारी पाठ यांच्यातलं अंतर बिघडलं की सगळं बिघडलं. इंग्रजी पाट्यांचा मराठी मजकूर पडद्याखाली द्यावा, आणि तो विनोदाची जाण असलेल्या माणसाकडून करून घ्यावा. संगीत शक्यतो प्रत्यक्ष वाजवणारं कोणी असेल तर उत्तम, नसेल तर चित्रपटासाठी रचलेलं ध्वनिमुद्रित संगीत चालेल. सर्कशीच्या बँडची कुठलीही तबकडी मात्र लावू नये, ही हात जोडून विनंती. मुलांचा सकाळचा खेळ जरूर ठेवा, पण त्यांनाही पूर्ण चित्रपट दाखवा. मुलांना रडण्याचा प्रसंग कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी शाळेतल्या मधल्या सुट्टीत जरा फिरून यावं.

शेवटची मागणी कागदोपत्री आहे. निवडीचे निकष लिहून सभासदांसमोर ठेवावेत. त्यात 'गांभीर्य' हा निकष राहणार असेल तर तो कशावरून ठरवला जातो हे त्याखाली लिहावं, आणि वर्गणी भरणाऱ्यांच्या सूचनांना उत्तर देताना कारण द्यावं, शेरा मारू नये.

यातली कुठलीही मागणी खर्चाची नाही. बदलासाठी यादीतला एखादा चित्रपट वगळावा लागणार असेल, तर कोणता वगळावा याबद्दल माझं मत मी समितीला वेगळं कळवीन, ते इथे जाहीर करून इतर सभासदांशी वैर घेत नाही. छापील कार्यक्रमपत्रिका अजून छापखान्यात गेलेली नाही असं कळतं. तोवर उत्तराची वाट पाहतो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
मंडळाचा एक वर्गणीदार सभासद